एकच रेझ्युमे सगळीकडे पाठवतोय. दर जाहिरातीला बदलायचा म्हणजे नक्की काय बदलायचं?

गोदामवाला (सोमवार, रात्री ११:४०)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा, चूकभूल द्यावी घ्यावी.

स्टोअर्समध्ये सहा वर्षं झाली मला. आलेला माल मोजून उतरवून घ्यायचा, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) करायचा, रॅकला लावायचा, प्रॉडक्शनला इश्यू करायचा आणि महिनाअखेरीस स्टॉक जुळत नाही म्हणून डोकं धरून बसायचं, हे सगळं मीच करतो. आता इन्व्हेंटरी कंट्रोलच्या बाजूला जायचंय. चार महिन्यांत साठेक ठिकाणी अर्ज टाकले. उत्तर आलं दोन ठिकाणांहून, ते पण नकाराचं, बाकी सगळीकडे सामसूम.

ज्याला विचारावं तो म्हणतो रेझ्युमे टेलर कर. म्हणजे काय करू, शिंप्याकडे टाकू का? माझं काम तर एकच आहे, ते या कंपनीसाठी वेगळं आणि त्या कंपनीसाठी वेगळं कसं होईल, आणि तसं लिहिलं तर ते खोटं नाही का? एक मित्र म्हणाला ७५ टक्के रेझ्युमे माणसाने बघायच्या आधी मशीनच उडवतं त्यामुळे जाहिरातीतले सगळे शब्द कोंब. खरंय का हे? आणि साठ वेळा साठ रेझ्युमे करत बसलो तर नोकरी कधी करू?

पानगळ (सोमवार, रात्री ११:५८)

सेम प्रश्न, सेम अवस्था. जागा पकडून ठेवते.

बॅकबेंचर (मंगळवार, सकाळी ७:१५)

पंधरा वर्षांत एकच रेझ्युमे वापरला, खाली फक्त नवीन नोकरीची ओळ जोडत गेलो. चार नोकऱ्या झाल्या, चारही ओळखीतून. हे टेलरिंग वगैरे कोर्स विकणाऱ्यांचे उद्योग आहेत असं माझं स्पष्ट मत. ओळखी वाढव मित्रा.

तिरकस (मंगळवार, सकाळी ७:३२)

@बॅकबेंचर, ज्याच्याकडे ओळखी आहेत तो रात्री पावणेबाराला धागा काढत नाही हो.

खिडकीतली (मंगळवार, दुपारी १:०५)

मी भरतीचं काम करते, टेबलाच्या पलीकडच्या बाजूने सांगते म्हणजे तुमचं तुम्हालाच कळेल काय बदलायचं.

जाहिरात टाकली की अर्ज येतात, कधी दोनशे, कधी चारशे. ते सगळे एका सॉफ्टवेअरमध्ये जमा होतात, त्यालाच एटीएस म्हणतात. तुमचा मित्र ज्याला मशीन म्हणतोय ते बहुतेक वेळा एक मोठं कपाट आहे, फाईली लावून ठेवणारं. ते ७५ टक्क्यांचं वाक्य मी पण शंभरदा वाचलंय, त्याच्यामागे कुठला अभ्यास आहे ते दाखवा म्हटलं की सगळे गप्प. आमच्याकडे आपोआप बाद काय होतं तर अर्ज भरताना जे प्रश्न असतात ना, अनुभव किती वर्षं, परवाना आहे का, शिफ्टला तयार आहात का, तिथे चुकीचं बटण दाबलं तर. तो भाग लोक सर्वात घाईत भरतात आणि मग रेझ्युमेच्या फॉन्टवर दोन दिवस घालवतात!

त्यानंतर मी काय करते? चारशे रेझ्युमे कोणी वरून खाली वाचत नाही. मी सर्च मारते. "सायकल काउंट" टाकलं, सोबत "इन्व्हेंटरी" टाकलं, जे आले ते आधी उघडले. तुम्ही तेच काम सहा वर्षं केलं असेल पण तुमच्या कागदावर "स्टॉक मोजणी" लिहिलं असेल तर तुम्ही माझ्या यादीत आलाच नाहीत. तुम्हाला कोणी नाकारलेलं नाही, तुम्ही दिसलाच नाहीत. उत्तर न येण्याचं हे सगळ्यात साधं कारण.

आणि उघडल्यावर? एका परदेशी जॉब साईटने भरतीवाल्यांच्या नजरेचा मागोवा घेतला होता, २०१२ साली पहिल्या नजरेला ६ सेकंद निघाले, २०१८ ला परत केलं तेव्हा ७.४. आकडा सोडा, पण माझं पण थोड्याफार फरकाने तसंच आहे. वरचा एक तृतीयांश भाग, आत्ताचं पद, किती वर्षं, आणि पहिल्या दोन-तीन ओळी. तिथे मला पाहिजे ते सापडलं तर खाली जाते.

तेव्हा टेलर करणं म्हणजे तुमचं काम बदलणं नाही. तुमच्याकडच्या वीस गोष्टींपैकी मला हव्या त्या पाच वर आणायच्या, मी ज्या शब्दाने शोधते त्या शब्दात. बाकीच्या पंधरा खाली किंवा बाहेर.

अर्धविराम (मंगळवार, दुपारी २:२०)

खिडकीतली ताईंशी नव्वद टक्के सहमत. एक दुरुस्ती. मशीन अगदीच निरुपद्रवी कपाट असतं असं नाही. २०२१ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि अॅक्सेंचरचा एक अहवाल आला होता, अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या कंपन्यांना विचारून केलेला. त्यात जवळपास निम्म्या कंपन्यांनी कबूल केलं की नोकरीत सहा महिन्यांपेक्षा मोठा खंड दिसला की त्यांची यंत्रणा तो अर्ज बाजूला काढते. म्हणजे गाळण्या आहेत, फक्त त्या कंपनीतल्या माणसानेच लावलेल्या असतात.

गोदामवाला, हवेत बोलण्यापेक्षा तुम्ही ज्या जाहिरातीला अर्ज केला अशी एखादी इथे टाका (कंपनीचं नाव काढून) आणि तुमच्या रेझ्युमेतल्या चार ओळी. करूनच बघू.

खिडकीतली (मंगळवार, दुपारी २:३१)

दुरुस्ती मान्य.

गोदामवाला (मंगळवार, रात्री १०:१०)

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. जाहिरात थोडक्यात अशी:

पद इन्व्हेंटरी कंट्रोल एक्झिक्युटिव्ह. सायकल काउंट चालवणे. सिस्टीम स्टॉक आणि प्रत्यक्ष स्टॉक यातल्या व्हेरियन्सचं (फरकाचं) मूळ कारण शोधणे. व्हेरियन्सचा साप्ताहिक रिपोर्ट. स्लो मूव्हिंग आणि डेड स्टॉकवर खरेदी विभागाशी पाठपुरावा. एसएपी एमएम मॉड्यूल (कंपनीचे व्यवहार नोंदवायच्या एसएपी या ईआरपी सॉफ्टवेअरचा माल-साठ्याचा भाग), एक्सेल आवश्यक. व्हेरियन्स कमी केल्याचा अनुभव असल्यास प्राधान्य.

माझ्या ओळी:

स्टोअर्सशी संबंधित सर्व कामांची जबाबदारी.
मासिक स्टॉक टेकिंगमध्ये सहभाग.
ईआरपीचं ज्ञान.
मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेअर.

आता इथे लिहिल्यावर मलाच लाज वाटतेय.

तिरकस (मंगळवार, रात्री १०:१४)

मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेअर. आळशी, लबाड, एकलकोंडा असं लिहिलेला एक तरी रेझ्युमे बघायची इच्छा आहे.

अर्धविराम (मंगळवार, रात्री ११:०२)

लाज कसली, नव्वद टक्के रेझ्युमे असेच असतात, माझा पण होता.

आधी जाहिरात वाचू. बहुतेक लोक ती आपण लायक आहोत का एवढंच बघायला वाचतात. ती खरं तर कोणाचं काय दुखतंय ते कळायला वाचायची. तुम्ही टाकलेल्या सहा-सात ओळींत व्हेरियन्स हा शब्द तीनदा आलाय. स्टॉक सोडला तर बाकी काही तीनदा नाही. म्हणजे त्यांच्याकडे स्टॉक जुळत नाहीये आणि कोणीतरी त्यांच्या मागे लागलंय. त्यांना "स्टोअर्सची सर्व कामं" करणारा नकोय, जुळवून देणारा हवाय. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये काय लिहिलंत, महिनाअखेरीस स्टॉक जुळत नाही म्हणून डोकं धरून बसतो. अहो हेच तर त्यांना पाहिजे, आणि तुमच्या रेझ्युमेत तेच नाही!

आता प्रश्न, खरी उत्तरं द्या, आठवत नसेल तर नाही म्हणा.

किती आयटम आहेत स्टोअरमध्ये? मोजणी महिन्यातूनच एकदा का मधे पण? आधी किती आयटम जुळायचे नाहीत, आता किती? फरक पडला असेल तर कशामुळे?

गोदामवाला (बुधवार, सकाळी ६:५०)

ड्युटीला निघायच्या आधी लिहितोय.

आयटम साधारण ३,२००. मोजणी आधी महिन्यातून एकदाच व्हायची, मी दोन वर्षांपूर्वीपासून रोज सकाळी चाळीस आयटम मोजायला घेतले, महागडे आणि जास्त फिरणारे आधी. कोणी सांगितलं नव्हतं, महिनाअखेरचा ताप कमी व्हावा म्हणून. आधी शंभरातले पाचेक जुळायचे नाहीत, आता दीड वगैरे, महिन्याच्या शीट आहेत माझ्याकडे.

कारण दोन सापडली. एक म्हणजे माल दिवसभर जायचा आणि इश्यू स्लिप सिस्टीमला संध्याकाळी एकदम चढायच्या, त्यात दोन-चार गहाळ. मी काउंटरवरच जागेवर एंट्री सुरू केली. दुसरं म्हणजे काही आयटम पावतीला बॉक्समध्ये आणि इश्यूला नगात, तिथे सगळा घोळ. ते एकक एक करून घेतलं. याला रेझ्युमेत काय लिहायचं कळलं नाही म्हणून "सहभाग" लिहिलं.

खिडकीतली (बुधवार, सकाळी ९:४०)

सहभाग!! अहो तुम्ही सायकल काउंट स्वतः सुरू केलंत आणि लिहिलंत सहभाग. रोज थोडे थोडे आयटम मोजतात ना, त्यालाच सायकल काउंट म्हणतात. आणि महागडे आधी घेणं म्हणजे एबीसी अॅनॅलिसिस, तुम्ही नाव न घेता तेच करत होतात.

अर्धविराम (बुधवार, दुपारी १२:१५)

झालं तर मग. गूगलच्या एचआरचे माजी प्रमुख लाझ्लो बॉक यांनी एक साचा सांगितला होता, काय साधलं, ते कशावरून मोजलं, आणि काय करून साधलं. तिन्ही तुमच्या उत्तरात आहेत. माझा कच्चा खर्डा, तुमच्या भाषेत बदलून घ्या:

"३,२०० आयटमच्या स्टोअरमध्ये रोजचं सायकल काउंट सुरू केलं (एबीसी पद्धतीने, दररोज ४० आयटम). व्हेरियन्स असलेले आयटम दोन वर्षांत ५ टक्क्यांवरून १.५ टक्क्यांवर."

"व्हेरियन्सची मूळ कारणं शोधली: उशिरा चढणाऱ्या इश्यू नोंदी आणि पावती-इश्यूमधली वेगवेगळी एककं. नोंद जागेवर घेण्याची पद्धत लावली, एककं एकसारखी करून घेतली."

या दोन ओळी तुमच्या आत्ताच्या नोकरीखाली सगळ्यात वर. माल उतरवणं, जीआरएन वगैरे एका ओळीत, चौथ्या नंबरला. उद्या तुम्ही डिस्पॅच सुपरवायझरच्या जाहिरातीला अर्ज केलात तर हेच उलटं होईल, रोज किती गाड्या भरल्या, किती वेळेत, ते वर आणि सायकल काउंट खाली. दोन्ही खरं. तुम्ही विचारलं होतंत ना खोटं नाही का, नाही. तुम्ही फक्त समोरच्याने काय विचारलंय त्याचं उत्तर आधी देताय.

आणि वर नावाखाली एक ओळ: "स्टोअर्स आणि इन्व्हेंटरी कंट्रोल, ६ वर्षं, त्यात सायकल काउंट २ वर्षं". ते "आव्हानात्मक पदावर काम करून कंपनीच्या प्रगतीत वाटा उचलण्याची इच्छा" असलं काही असेल तर काढा. ताकाला जाऊन भांडं लपवू नका, कोणती जागा पाहिजे ते पहिल्या ओळीत लिहा.

नाना_निवांत (बुधवार, संध्याकाळी ५:३०)

सुंदर चर्चा. म्हाताऱ्याची एक गोष्ट ऐका. १४८२ च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने मिलानचा कारभार हाकणाऱ्या लुदोविको स्फोर्झाला नोकरीसाठी पत्र लिहिलं. क्रमांक घालून दहा मुद्दे. हलके उचलून नेता येतील असे पूल बांधीन, वेढा पडला तर खंदकातलं पाणी काढून देईन, तोफा करीन, झाकलेल्या गाड्या करीन. आणि चित्रकला? ती अगदी शेवटी, शांततेच्या काळात इमारती बांधीन, मूर्ती घडवीन आणि चित्रं पण काढतो बरं का अशा थाटात. समोरचा माणूस लढायांच्या काळजीत होता, मग त्याला लढाईचंच सांगितलं. टेलरिंग काही कोर्सवाल्यांनी शोधलेलं नाही बॅकबेंचरराव.

बाकी एसएपीचं काय, गोदामवाल्यांनी त्याबद्दल काही सांगितलं नाही. येत नसेल तरी लिहून टाका, दोन आठवड्यांत शिकून होतं.

तिरकस (बुधवार, संध्याकाळी ५:४४)

आणि कामावर ठेवून घेतल्यावर त्याच लुदोविकोने मठाच्या जेवणघराच्या भिंतीवर चित्रच काढून घेतलं. जेडी (जाहिरातीतलं कामाचं वर्णन) आणि प्रत्यक्ष काम यांचा संबंध तेव्हापासून असाच आहे.

गोदामवाला (बुधवार, रात्री ९:३०)

😄😄

एसएपी नाहीये आमच्याकडे, दुसरं ईआरपी आहे, छोट्या कंपनीचं. त्यात पावती, इश्यू, ट्रान्सफर, फिजिकल स्टॉकची एंट्री सगळं मी करतो. एसएपी मी फक्त व्हिडिओत बघितलंय. लिहू का नको?

खिडकीतली (बुधवार, रात्री १०:०५)

नको!! नानांचा मान राखून सांगते, नका लिहू. मागे एका उमेदवाराने असंच लिहिलं होतं. आमच्या स्टोअर्सच्या साहेबांनी सहज विचारलं, एखाद्या आयटमचा स्टॉक बघायला कुठला कोड टाकता? जो माणूस रोज एसएपीवर बसतो त्याच्या तोंडून एमबी ५२ आपोआप येतं, पावतीला मिगो येतं. याला घाम फुटला. पुढचा अर्धा तास त्याने जे खरं केलं होतं त्यावर पण कोणाचा विश्वास बसला नाही, आणि त्याचं खरं काम चांगलं होतं हो. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार.

तुम्ही लिहा: "ईआरपीमध्ये पावती, इश्यू, ट्रान्सफर आणि फिजिकल इन्व्हेंटरीच्या नोंदी, ६ वर्षं". सोबत तुमच्या ईआरपीचं नाव. एसएपीमधली कामं तीच आहेत, फक्त पडदे वेगळे, हे समोरच्याला कळतं. खरंच शिकायला घेतलं असेल तर "एसएपी एमएम, प्राथमिक प्रशिक्षण सुरू" असं लिहा, पण सुरू केल्यावर.

तारखा, पदाचं नाव, कंपनीचं नाव यांना पण हात लावायचा नाही. नंतर पडताळणी होते, अनुभवपत्राशी जुळवतात. पत्रावर स्टोअर असिस्टंट असेल तर पदात तेच लिहायचं, मॅनेजर करून चालत नाही. कामाचं वर्णन खाली आहेच की त्यासाठी.

नाना_निवांत (बुधवार, रात्री १०:२०)

शब्द मागे घेतो.

कोरा_कागद (गुरुवार, सकाळी ११:००)

मजकुराचं झालं, आता कागदाचं. तुमचा पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. जे दिसेल ते साधारण त्या सॉफ्टवेअरला दिसतं.

मी माझा केला तेव्हा हबकलो होतो. छान दोन कॉलमचं टेम्प्लेट घेतलं होतं, डावीकडे स्किल्स, उजवीकडे अनुभव. नोटपॅडमध्ये दोन्ही कॉलमच्या ओळी एकमेकांत घुसलेल्या, अर्धं वाक्य नोकरीचं आणि पुढचं अर्धं छंदाचं. फोन नंबर वर हेडरमध्ये ठेवला होता, तो काही सॉफ्टवेअर वाचतच नाहीत. आणि सगळ्यात भारी म्हणजे इंग्रजी फॉन्टमध्ये एफ आणि आय शेजारी आले की काही फॉन्ट ते जोडून एकच चिन्ह करतात, ते कॉपी होताना गायब. माझ्या रेझ्युमेत जिथे जिथे "ऑफिस" आणि "सर्टिफिकेट" होतं तिथे मधली अक्षरं उडालेली. कोणी सर्टिफिकेट सर्च केलं असतं तर मी सापडलोच नसतो.

आता साधा एक कॉलम, नेहमीचा फॉन्ट, टेबल नाही, टेक्स्ट बॉक्स नाही, स्किल्सपुढे ते पाचपैकी चार तारे नाहीत. (एक्सेलमध्ये चार तारे म्हणजे किती येतं, कोणी सांगेल का?) जाहिरातीत वर्ड फाईल मागितली असेल तर वर्डच द्यायची.

पानगळ (गुरुवार, दुपारी १२:४५)

मी मधल्या काळात एक उद्योग करून बसले ते सांगते म्हणजे बाकीच्यांचं वाचेल. हा धागा वाचून जोशात आले, एका रात्रीत पाच रेझ्युमे टेलर केले आणि सकाळी बघते तर तिसऱ्या कंपनीला पाठवलेल्यात वरच्या ओळीत दुसऱ्या कंपनीचं नाव. "अमुक कंपनीच्या टीमसोबत काम करायला उत्सुक", आणि अमुक म्हणजे त्यांचे थेट स्पर्धक. फाईलचं नाव पण "रेझ्युमे फायनल नवीन २". परत पाठवावं का गप्प बसावं?

आणि कोणीतरी सांगितलं होतं की जाहिरातीचा अख्खा मजकूर पांढऱ्या अक्षरात खाली चिकटवायचा, माणसाला दिसत नाही, मशीनला दिसतो. ते करायचं का, कोणी केलंय का?

खिडकीतली (गुरुवार, दुपारी १:३०)

दुसऱ्यांदा पाठवा, "सुधारित प्रत जोडत आहे" एवढंच लिहून, लांबलचक माफी नको. आणि एक सवय लावा, रेझ्युमेत कंपनीचं नाव लिहायचंच नाही, ते कव्हर लेटरमध्ये. नाव नसेल तर चुकीचं नाव राहणार नाही. फाईलचं नाव तुमचं नाव आणि पद, बास.

पांढऱ्या अक्षरांचं मात्र कृपया नको. सॉफ्टवेअर रंग काढून नुसता मजकूर साठवतं, माझ्या पडद्यावर तो सगळा काळ्या अक्षरात येतो. मी बघते, आमचीच जाहिरात, आमच्याच स्पेलिंगच्या चुकांसकट, तुमच्या शिक्षणाच्या खाली. त्यानंतर काय होतं ते सांगायला नको.

बॅकबेंचर (गुरुवार, रात्री ८:५०)

आता इतकं वाचल्यावर गंमत म्हणून माझा रेझ्युमे नोटपॅडमध्ये टाकला. नाव सोडून काही धड आलं नाही. पंधरा वर्षं ओळखीने वाचवलं म्हणायचं.

पण एक शंका खरीच आहे. हे सगळं दर अर्जाला करायचं तर वेळ किती जातो? आणि हे चॅटबॉटला का देऊ नये, जाहिरात चिकटवली, रेझ्युमे चिकटवला, दोन मिनिटांत तयार.

अर्धविराम (गुरुवार, रात्री ९:४०)

वेळेचं सांगतो. एकदाच एक मोठी फाईल करायची, चार पानांची झाली तरी चालेल, ती कोणाला पाठवायची नसतेच. त्यात आजवर केलेलं सगळं, प्रत्येक काम आकड्यासकट, कारणासकट. गोदामवाल्यांनी बुधवारी सकाळी जे उत्तर लिहिलं ना, तसं. हे करायला माझा एक अख्खा रविवार गेला होता. त्यानंतर प्रत्येक जाहिरातीला त्यातून उचलायचं, वरची ओळ बदलायची, पहिल्या तीन मुद्द्यांचा क्रम लावायचा, शब्द त्यांचे वापरायचे. वीस-पंचवीस मिनिटं.

पण ती पण सगळ्यांना द्यायची नाहीत. जाहिरातीतल्या मुख्य चार-पाच गोष्टींपैकी तीन तरी आपण खरंच केल्या असतील तर. साठ ठिकाणी तेच पत्रक वाटण्यापेक्षा बारा ठिकाणी नीट गेलेलं मला तरी जास्त फळलं. दहापैकी दहा जुळायची वाट पण बघू नये, जाहिरातीत अर्ध्या गोष्टी इच्छायादी असते.

आणि हे फार कोणी सांगत नाही: अर्ज करताना जाहिरातीचा मजकूर कॉपी करून त्याच रेझ्युमेसोबत एका फोल्डरमध्ये ठेवा. मुदत संपली की जाहिरात साईटवरून जाते, आणि तुम्हाला फोन येतो तीन आठवड्यांनी. तेव्हा तुम्ही कुठल्या पदाला काय लिहून पाठवलं होतं ते तुम्हालाच आठवत नसतं. मी एकदा फोनवर पाच मिनिटं भलत्याच नोकरीबद्दल उत्साहाने बोललो आहे.

चॅटबॉटचं, मी वापरतो, पण जाहिरातीतले मुख्य शब्द काढून दे एवढ्यापुरतं. लिहायला दिलं की तो तुमच्या वतीने आकडे पण ठोकून देतो. माझ्या रेझ्युमेत त्याने "खर्चात ३० टक्के बचत" घातली होती. मी आयुष्यात कसलीच बचत केलेली नाही.

खिडकीतली (गुरुवार, रात्री १०:१०)

आणि सगळ्यांचे सारखेच वाचायला येतात. हल्ली दर तिसरा माणूस "परिणामाभिमुख व्यावसायिक" असतो. गोदामवाल्यांचं ते बॉक्स आणि नगाचं वाचून मात्र मी थांबले असते, कारण हा घोळ ज्याने स्वतः निस्तरलाय त्यालाच सुचतो तो.

गोदामवाला (तीन आठवड्यांनी, शनिवार, दुपारी ४:२०)

धागा वर काढतोय, रिपोर्ट द्यायचा होता.

मोठी फाईल केली, एक नाही दोन रविवार गेले, जुन्या शीट शोधण्यातच एक गेला. त्यातून सात ठिकाणी अर्ज केले. दोन ठिकाणी नकार, पण एक तर दुसऱ्याच दिवशी आला, म्हणजे कोणीतरी उघडला तरी. चार ठिकाणी अजून काही नाही. एका ठिकाणी फोन झाला, मग प्रत्यक्ष बोलावलं, परवा जाऊन आलो. एसएपी नाही हे मी आधीच सांगितलं, ते म्हणाले ते कागदावर दिसलंच. पाऊण तासातला अर्धा तास बॉक्स आणि नगावर गेला!! त्यांच्याकडे पण वायर मीटरमध्ये येते आणि बंडलमध्ये जाते. मी विचारलं तुकडे उरले की कोण मोजतं, तर दोघं एकमेकांकडे बघून हसले. कळवतो म्हणालेत.

बघू. पण अर्ज चालूच ठेवलेत. आज एक नवीन जाहिरात आलीये, काम सगळं तेच दिसतंय पण त्यात सायकल काउंट हा शब्दच नाही, सगळीकडे "पर्पेच्युअल स्टॉक व्हेरिफिकेशन" लिहिलंय आणि व्हेरियन्सच्या जागी "डिस्क्रिपन्सी". मग मी माझ्या ओळींत ते बदलू ना?

खिडकीतली (शनिवार, दुपारी ४:४५)

बदला. वरच्या ओळीत पण बदला. सायकल काउंट एका ठिकाणी राहू द्या, त्यांच्यातल्या कोणी त्या शब्दाने शोधलं तर.

तिरकस (शनिवार, दुपारी ४:५१)

आणि ते मेहनती, प्रामाणिक?

गोदामवाला (शनिवार, दुपारी ४:५५)

काढलं केव्हाच. त्या जागी फोर्कलिफ्टचं लायसन्स टाकलं, ते आहे माझ्याकडे, सहा वर्षांत लिहायचं सुचलंच नव्हतं.